व्हॅनचे दिवे

“पेटव आता,” स्टिअरिंगमागे बसलेला दादा म्हणाला. “पोरांचा खेळ संपत आला असेल.”

धाकट्यानं बॉनेटखालून मान बाहेर काढली, हात फडक्याला पुसले. दुपारपासून तो या दिव्यांच्या मागे लागला होता. व्हॅन शाळेच्या पोरांची, चालवायचा दादा. दिवे मंद झालेत, अंधार पडला की समोरचं काही दिसत नाही, अशी त्यानं कधीपासून भुणभुण लावली होती. आणि दिवे मंद होतेही. जुनी बारीक वायर डॅशबोर्डच्या बटणापर्यंत फिरून यायची, निम्मा जोर वाटेतच गळायचा. धाकट्यानं बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, मध्ये रिले बसवला. आता बटणानं नुसती खूण करायची, ओझं रिलेनं वाहायचं. दिवसाही दिवे मंद जळते हवेत असं शाळेचं म्हणणं होतं. त्यासाठी वीज अडवून उजेड कमी करणारा एक रेझिस्टर आणि वेगळं बटण.

खिडकीतून हात घालून त्यानं ते बटण दाबलं. खट्. गॅरेजच्या भिंतीवर दोन पिवळट वर्तुळं उमटली.

“वा!” दादा म्हणाला. “आता कसं लख्ख झालं, बारक्या!”

दादा थट्टा करतोय असं धाकट्याला वाटलं. हा तर दिवसाचा मंद उजेड होता, खऱ्या उजेडाचं बटण अजून दाबायचंच होतं. हसत हसत त्यानं दुसरं बटण दाबलं.

भिंत पांढरीफटक झाली. टांगलेले पाने, खिळे, चुन्याचे ओघळ, सगळं एकदम पुढ्यात आलं.

दादानं तोंड फिरवलं, डोळ्यांवर हात धरला. “एवढा नको रे. नुसता धूर दिसतोय.”

गॅरेजमध्ये धूर नव्हता.

धाकट्याचं हसू ओठांवरच राहिलं.  मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, “दादा, भिंतीवर काय लिहिलंय, वाच बरं.”

“मला काय शाळेत बसवतोस?”

“वाच तर.”

दादानं डोळे बारीक केले, मान पुढे काढली. “‘इंजिन बंद ठेवा. विडी-सिगारेट ओढू नका.’ झालं समाधान? चल, बॉनेट लाव.”

ती पाटी धाकट्यानं स्वतःच्या हातानं चुना मारून पुसली होती. त्याला आता बरेच दिवस झाले होते.

तो व्हॅनच्या पुढे गेला. वाकला. रिले सॉकेटमधून उपटून खिशात टाकला. दिवे गेले.

“काय झालं?” दादानं विचारलं. “फ्यूज उडाला?”

“मी काढला रिले.”

“का?”

“भिंतीवर काही लिहिलेलं नाहीये, दादा.”

दादा खाली उतरला. व्हॅनच्या पत्र्याला हात लावत लावत पुढे आला आणि भावाच्या समोर उभा राहिला. त्याचा आवाज चढला. “गप लाव तो. पोरं रस्त्यावर उभी राहतील.”

“मी आणतो पोरांना.”

“आणि उद्या?”

“डॉक्टरकडे.”

“मी विचारतोय, उद्या पोरांना कोण नेणार? दुसरा कुणी ठेवतील शाळावाले. एकदा ठेवला की मग माझं काय?” दादानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली. धाकटा हलला नाही. पकड हळूहळू आपोआपच सुटली.

धाकट्यानं रिले परत बसवला, बॉनेट आपटलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. किल्ली तिथेच लटकत होती. दादा थोडा वेळ बाहेरच उभा राहिला, मग पलीकडच्या दारानं आत आला.

रस्ता दूरवर उजळून निघाला होता. कडेच्या दगडांच्या सावल्यासुद्धा वेगवेगळ्या मोजता आल्या असत्या.

“इतके दिवस नेलंस कसं रे पोरांना?” शेवटी धाकट्यानं विचारलं.

“नेलं ना? कुणाला साधा ओरखडा तरी आलाय का?”

धाकट्यानं गाडी शाळेच्या रस्त्याला वळवली.

शाळेच्या फाटकाशी पोरांचा घोळका उभा होता. मागचं दार उघडताच धक्काबुक्की करत सगळी आत घुसली. दोन वेण्यांची एक मुलगी मात्र पुढच्या दाराशी येऊन थांबली.

“काका, तुम्ही माझ्या जागेवर बसलात.”

दादानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो मुकाट्यानं उतरला, मागे जाऊन पोरांमध्ये अंग चोरून बसला.

मुलगी पुढे चढली. दप्तर पायाशी ठेवलं, पट्टा लावला, सीटच्या टोकाला सरकून पाठ ताठ केली. मग तिनं धाकट्याला नीट निरखून घेतलं.

“तुम्हाला पण सांगायचं का?”

“काय सांगायचं?”

“समोरचं.”

त्यानं व्हॅन गिअरमध्ये टाकली. गाडी हलली तशी मुलीनं दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले आणि स्वच्छ, ठाम आवाजात सुरुवात केली.

“डावीकडे सायकलवाला. त्याच्यापुढे खड्डा. आता एक बाई रस्ता ओलांडतायत... हळू, हळू... थांबा.”

मागच्या सीटवरचा गोंगाट एकाएकी बंद झाला होता. ती सांगत असताना कुणी बोलायचं नाही, हे सगळ्या पोरांना पाठ होतं.