दुसरा चमचा

नवरा गेल्याचं डॉक्टरने सांगितलं, तरी बाईंनी मांडीवरची बरणी सोडली नाही. “दुखण्यातून उठले, पण खाल्लेलं अंगी लागेना. म्हणून मधमाश्यांनी फुलांतून गोळा केलेले परागकण आणले, ताकदीला चांगले म्हणतात. आज पहिलाच चमचा दिला. घसा खवखवतोय म्हणाले, म्हणून लगेच दुसरा. नको नको करत होते, मीच बळेबळे भरवला.” मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “यानं तर नाही ना झालं?” त्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगायला डॉक्टरची जीभ रेटेना. “नाही हो मावशी. हृदयच थकलं होतं त्यांचं.” इतका वेळ गोठलेल्या बाईंना तेव्हा कुठे रडू फुटलं. डोळे पुसून त्यांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. “मग उरलेले धाकटीला देते. बापावर गेलीय, फुलांपाशी उभी राहिली की शिंकत सुटते.” डॉक्टरने बरणीवर हात ठेवला. “मावशी, मी खोटं बोलले.”