अकरा मिनिटं

भरदुपारी आभाळ भरून आलं, वाराही पडला. सौरऊर्जा निम्म्यावर आली, पवनचक्क्या थांबल्या. अडल्या वेळी सगळ्यांना आठवतं ते धरणाखालचं जलविद्युत केंद्र. तिथे वीज नियंत्रण कक्षाचा फोन खणखणला, "दोन मिनिटांत मशीन सुरू करा!"

ऑपरेटर बाईंनी भोंगा वाजवला. नदीच्या पात्रातली माणसं लगबगीने काठावर आली. कॅमेऱ्यात एक म्हातारी मात्र गुडघाभर पाण्यात कपडे आपटत राहिली. भोंगा पुन्हा वाजला, तरी तिने मान वर केली नाही. हिला ऐकूच येत नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. मशीन सुरू झालं की तिथे पुरुषभर पाणी चढणार होतं.

बाईंनी बटणावरचा हात काढला आणि पहारेकऱ्याला पिटाळलं, "आधी आजीबाईंना बाहेर काढा!"

मशीन अकरा मिनिटं उशिरा सुरू झालं. तोवर अर्ध्या शहराची वीज गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंत्यांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी एकच ओळ लिहिली, 'नदीत एक म्हातारी होती.' नोकरी गेलीच असं धरून त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.

"शिक्षा काय, साहेब?"

"कसली शिक्षा, बाई? वीस वर्षांपूर्वी तुमच्या जागी मी होतो. तेव्हाही नदीत एक माणूस होता. मी मशीन वेळेवर सुरू केलं होतं."