चकचकीत कारकीर्द

इंग्लंडच्या आरमारात कॅप्टन लॅथमच्या युद्धनौकेइतकी चकचकीत नौका नव्हती. त्या चकचकाटावरच तो बढत्या मिळवत आला होता.

"साहेब, तोफांचा सराव करू द्या," तोफखान्याचा प्रमुख पिकरिंग काकुळतीला येऊन म्हणाला. "पोरांना नेमच धरता येत नाही."

"अन् धुरानं रंग काळवंडला म्हणजे? गोळे समुद्रात फेका आणि सराव झाला म्हणून कळवा."

१९१४ साली जर्मन नौकेशी गाठ पडली. लॅथमच्या तोफांनी फक्त मासे मारले. नौका बुडाली, पिकरिंगही बुडाला. लॅथम वाचला, आणि लढाईचा अनुभव आहे म्हणून ॲडमिरल झाला.

पुढं विधवांना पदकं वाटताना मिसेस पिकरिंगसमोर तो हळहळला, "अरेरे! कुठल्या नौकेवर होते तुमचे यजमान?"

"तुमच्याच."

पदक तिच्या हातात कोंबून लॅथम घाईनं पुढच्या बाईकडे वळला.