तिसरा टेक

मेहुण्यानं सीडी ड्रमरच्या टेबलावर ठेवली ती आपला फोटो वर येईल अशी. एकतीस वर्षांपूर्वीचा फोटो. गळ्यात सॅक्सोफोन, डोक्यावर भरघोस केस.

"कंपनीनं आपली रेकॉर्ड पुन्हा काढली, भाऊजी. आवाज धुऊनपुसून लख्ख केलाय. म्हटलं, पहिली प्रत ताईच्या घरी द्यायची."

ड्रमरनं फोटोकडे पाहिलंही नाही. सीडी उलटी केली, भिंग घेतलं आणि मागची बारीक यादी वाचायला लागला. त्याची रीतच ती. खोलीच्या दोन भिंती जॅझच्या सीड्यांनी भरल्या होत्या. सगळ्या जुन्या रेकॉर्डी, नव्यानं काढलेल्या. त्या लावल्या होत्या ड्रमवाल्यांच्या नावांनी. कव्हरवर ज्याचं नाव मोठं, तो त्या कपाटात शोधून सापडायचा नाही.

या रेकॉर्डवर मात्र ड्रमरचं नाव नव्हतं. तिसरा टेक, म्हणजे तिसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग, बिघडल्यावर त्याला स्टुडिओतून घरी पाठवलं, दुसरा ड्रमवाला आणला आणि चौथा टेक बाजारात गेला. भाऊजी तालातून घसरले, हे तेव्हापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही. पुढे कुणी वाजवायला बोलावलं नाही. तो पत्र्याच्या कारखान्यात लागला आणि तिथं प्रेसखाली डाव्या हाताची दोन बोटं गेली. सीड्या तो हौसेनं ऐकतो असं लोकांना वाटे. हौस कसली! आपण नेमके कुठे घसरलो, ते तो दुसऱ्यांच्या हातांत शोधत होता.

"शेवटी हे काय आहे?" त्यानं भिंग यादीवर टेकवलं. "तिसरा टेक. स्टुडिओतल्या बोलण्यासकट."

मेहुण्याचा कप ओठांशी जाता जाता थांबला. "काहीतरीच. छापताना चूक झाली असेल."

"तू ऐकली नाहीस?"

"ऐकली की. माझा सोलो ऐकला."

खोटं नव्हतं ते. स्वतःचा सोलो चार वेळा ऐकून स्वारीनं सीडी बंद केली होती. त्यापुढेही जगात काही असतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"राहू द्या ना, भाऊजी. कशाला उगाच जुनं उकरायचं?"

ड्रमरनं बटण दाबलं.

ड्रम सुरू झाले. तरुण, हलका हात. तो मान खाली घालून, मांडीवर तर्जनीनं मात्रा मोजत ऐकत होता. आत्ता घसरेन, आत्ता घसरेन, असं मनाशी म्हणत होता. मग सॅक्सोफोन आला. एक मात्रा आधी आला. ड्रम आपल्या जागी सरळ चालत राहिले, मग त्याला सावरून घ्यायला वाकले, आणि सगळंच कोसळलं. वाजणं थांबलं. शांततेत कुणीतरी माइकपाशीच हळूच म्हणालं, "आई शप्पथ, मी आधीच घुसलो रे." कुणीतरी हसलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा प्रश्न आला, "काय झालं?" आणि तोच आवाज, आता मोठ्यानं, "ड्रम घसरला!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मेहुणा उठला होता. "भाऊजी, तेव्हा आपलं वय काय होतं..."

ड्रमरचा पहिला ठोसा त्याच्या तोंडावर बसला. दुसऱ्यानं तो कपाटावर आदळला. फळी निसटली आणि सीड्या धडाधड खाली आल्या. ड्रमरनं तीन बोटांच्या हातानं त्याची कॉलर धरली आणि उजव्या हातानं मारत राहिला. पायांखाली प्लास्टिकचे डबे कडाकड फुटत होते. इतक्या वर्षांत ज्यांवर बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता, त्यांवर तो पाय देऊन उभा होता. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला बरं वाटत होतं.

"दात नको!" मेहुणा दोन्ही हातांनी तोंड झाकत ओरडला. "भाऊजी, पाया पडतो, दात नको! शनिवारी सॅक्सोफोन वाजवायचाय!"

ड्रमरनं त्याचे हात बाजूला केले आणि नेमका तिथंच मारला.

बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि नवऱ्याच्या दंडाला लोंबकळली. "अहो, जीव घ्याल त्याचा! डोकं फिरलंय का तुमचं? सोडा माझ्या भावाला!"

"ऐक," तो धापा टाकत म्हणाला. गुडघ्यानं मेहुण्याला भिंतीशी दाबून त्यानं शेवटचा तुकडा पुन्हा लावला.

तिनं ऐकलं. ती कुजबुज, ते हसणं, तो प्रश्न, ते उत्तर. भावाचा चोविशीतला आवाज तिनं झोपेतही ओळखला असता.

"मला वाटायचं मीच," ड्रमर म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "अगं, मला खरंच वाटायचं, मीच."

तिनं भावाकडे पाहिलं. "तुला तेव्हाच माहीत होतं?"

भावानं रक्त गिळलं. समोरचा एक दात नव्हता. "ताई, पहिलीच रेकॉर्ड होती. मला काढलं असतं तर माझं काय झालं असतं?"

"ह्यांचे ड्रम भंगारात द्यायला तू सांगितलंस मला," ती म्हणाली. अगदी सावकाश, जणू आत्ताच एकेक शब्द हाती लागत होता. "डोळ्यांसमोर असले की माणूस झुरतो, म्हणालास. हे कामावर गेले होते. मी माझ्या हातांनी उचलून दिले."

मेहुणा गुडघा चुकवून खाली घसरला आणि फुटक्या डब्यांवरून हातापायांवर सरकायला लागला. "ताई, दार उघड. ताई, तुझ्या पाया पडतो, दार उघड."

तिनं नवऱ्याचा दंड सोडला. भावाला ओलांडून दारापाशी गेली आणि वरची कडी लावली.