सुगतचा फोन

“मॅडम, तुमाला पटायचं न्हाय, पर म्या फोनवर तुमच्या वडलांच्या आवाजात बोलून दावीन. एकदा नुसतं त्येंचं बोलनं ऐकू द्या.”

एवढं बोलून कोंडिबानं खुर्चीत बूड टेकलं आणि खोली न्याहाळली. सुई नाही, बीपीचं मशीन नाही. तीन खुर्च्या, पाण्याची बाटली आणि डोळे पुसायच्या कागदांचा डबा. तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या दुखण्याला बघणाऱ्या बाई बसतात, एवढंच ऐकून तो माकणीहून बायकोला घेऊन आला होता. शेजारी भिमाबाई पदर आवळून फरशीकडं बघत होती.

“वडील काय म्हणतील पण?” अर्पिता मॅडमनी हसत विचारलं.

“म्हनतील, ह्ये म्या कवा बोललो?”

भिमाबाई हसली नाही. एके काळी त्याच्या थापेवर पहिलं हसू तिचंच असायचं.

मॅडम लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं. “काका, इथं गोळी नाही, इंजेक्शन नाही. आपण बोलायचं. जे सांगावंसं वाटत नाही ते सांगायचं नाही. रडू आलं तर रडायचं. इथलं बोलणं मी बाहेर कुणाला सांगत नाही, अगदी घरच्यांनासुद्धा. आणि एका खेपेत बरं वाटेल असंही नाही बरं का.”

“भाईर पाटीवर समुपदेशन लिवलंय. मला वाटलं उपदेश करत्यात. त्यो तर म्या गावाला फुकट देतो.”

“गाव घेतं का?”

“एक माणूस घील तर शपथ.”

मॅडमनी वही बाजूला ठेवली. “झोप लागते का नीट?”

“कुठली झोप! रातभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर असती.”

“तुम्हाला विचारते, काका.”

“मला काय धाड भरलीय? दुखनं हिला हाय.”

मॅडमनी मान हलवली. “भिमामावशी, थोडा वेळ बाहेर बसता?”

भिमाबाई उठली. कुठं बसायचं हे न विचारता डावीकडच्या बाकड्याकडं निघून गेली. दार लागलं तसा कोंडिबाचा आवाज खाली आला.

“आता खरं सांगतो. आमचा सुगत पुन्याला असतो, गोदामात. त्याला सोयरीक आली तवा म्या पावन्याला ठोकून दिलं, पोरगं सायेब हाय म्हनून. पावन्यानं चौकशी केली. सोयरीक मोडली. पोरगं म्हनलं, आता मरंपतुर तुमच्याशी बोलनार न्हाय. माझा फोन उचलंना. आईशी तेवढं बोलायचं, त्याचा दोस्त हाय संघपाल, त्याच्या फोनवरनं. मग तेबी थांबलं.”

“मग?”

“मग ही जळकोटला मातीला गेली. भनीकडं कुनीतरी गेलं म्हनं. कोन ते म्या इचारलंबी न्हाय, माझं डोकं पोरापाशी. म्होरल्या आठवड्यात आली ती अशीच. खाईना, बोलंना. म्या वळखलं, हिनं पोराचा घोर घेतला. मग काय...”

त्यानं अंगठा कानाला लावला, करंगळी तोंडाशी नेली. “आये, जयभीम. सुगत बोलतोय.”

मॅडम दचकल्या. तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हताच.

“दुसरं सिम घेतलं. रानातल्या मोटारीच्या खोलीत जातो, तिथनं लावतो. पैल्या खेपंला लई येळ ती गपच. म्या म्हनलं, घावलो आता. मग म्हनली, ‘बोल, बाळा.’ आता हसती. डबा चांगला असतो का इचारती. आन गंमत सांगू का? म्या घरी गेलो की मला म्हनती, सुगतचा फोन आलता, आप्पाची तब्येत इचारत हुता, राग गेलाय त्याचा. आता म्या कवा माझी तब्येत इचारली? पदरचं घालती बगा. माझ्या वरताण थापाडी झाली.”

“ते ऐकून तुम्हाला कसं वाटतं?”

“लबाडीच की ती. पर बरं वाटतं.”

कोंडिबानं खुर्ची मॅडमकडं सरकवली.

“फोन ठिवला की न्हानीत जाती नी तोंडात पदर कोंबून रडती. दवाखान्यात चल म्हनलं, तर म्हनली, तुमी आत येऊन बसनार आसाल तर येते. तर मॅडम, तिला ह्येतलं काय सांगू नका. पोरगं आज ना उद्या यील. तवर तिला जगवा. माझं मागनं तेवढंच हाय.”

“मी नाही सांगणार,” मॅडम हळू म्हणाल्या. “तुम्ही सांगा. इथंच, माझ्यासमोर. बोलवू त्यांना?”

“तिचा जीव जाईल, मॅडम.”

“नाही जाणार.”

कोंडिबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि कशीबशी मान हलवली.

भिमाबाई आत आली. या खेपेला खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली. कोंडिबानं तोंड उघडलं. जन्मभर ज्या जिभेला शब्द शोधावा लागला नाही, ती टाळ्याला चिकटली. आणि मग सुटली ती आपल्या जुन्याच वाटेनं.

“अगं, तुला सांगायचंच राह्यलं. सकाळी तू भाकरी करत हुतीस नव्हं, तवा सुगतचा फोन आलता. माझ्याशी बोलला! आप्पा म्हनला मला. बुद्धपौर्णिमेला येतो म्हनला, आईला नवं लुगडं...”

“थांबा.”

भिमाबाईनं त्याचा हात हातात घेतला. परक्या माणसापुढं तिनं कधी त्याचा हात धरला नव्हता. अर्पिता मॅडमनी कागदांचा डबा उचलला आणि कोंडिबापुढं ठेवला.

“खोटं हाय ह्ये,” भिमाबाई म्हणाली. “सुगतचा फोन कसा यील, आवो? जळकोटला न्हाय, संघपालसंगं पुन्याला जाऊन म्या ह्याच हातानं माती दिली त्याला.”