जंताचा पत्ता

डॉक्टर केणींनी हौसाच्या पोटावर तपासणीची पट्टी ठेवली. पडद्यावर फितीसारखा लांब जंत दिसला.

"दुसऱ्या हॉटेलात कच्चा मासा खाल्लास ना? उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही," खानावळीचे मालक दामूशेट म्हणाले.

"शेट, मी कच्चं खात नाही."

"मग हा काय हवेतून आला?"

पट्टीला जंताचं वय कळत होतं आणि तो कुठल्या पाण्यातल्या माशातून आला, तेही. डॉक्टरांनी वाचून दाखवलं, "वय बेचाळीस दिवस. मासा तुमच्याच खानावळीच्या टाकीतला आहे, शेट."

हौसा सावकाश म्हणाली, "तव्यावर टाकण्याआधी मुरलेल्या माशाचा कण चाखून मीठ बघायला तुम्हीच लावलंत. आठ वर्षं बघतेय."

"चाखून थुंकायचं. गिळायला कोणी सांगितलं?"

"माझ्यानंतर तुम्ही चाखता. तुम्ही कुठे थुंकता?"

दामूशेट दाराकडे वळले.

डॉक्टरांनी हौसाच्या हातावर एक गोळी ठेवली. "हिनं जंत मरेल. काम सोडायची गरज नाही, तसं लिहून देते." मग त्यांनी पट्टी पुसली. "शेट, थांबा. सदरा वर करा."