निवेसचा ठोकळा

निवेसने तीच फरशी पुन्हा झाडायला घेतली.

"अगं, बस की जरा," बाप म्हणाला. "तुझ्या झाडूने माझं डोकं उठलंय."

ती बसली नाही. कशी बसणार? ओत्तोरिनोच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, हातात तिचा ठोकळा होता, आता पाइप झालेला. आणि समोरच्या खुर्चीत मिलानचा वकील तो घेऊन जायला बसला होता.

ठोकळा म्हणजे ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाची गाठ. तंबाखूचे पाइप तिच्यातूनच होतात. पेझारोच्या या कारखान्यात मूल जन्मलं की आलेल्या मालातली सर्वांत देखणी गाठ बाजूला काढायची, तिच्यावर खडूने पोराचं नाव घालायचं आणि फळीवर सुकत ठेवायची. पोर कामात तयार झालं की बाप ती गाठ खाली उतरवून देतो. पोराने तिचा पाइप करायचा आणि त्यावर पहिल्यांदा स्वतःचा शिक्का मारायचा. तोवर बापाचा शिक्का. ओत्तोरिनोला त्याच्या बापाने विशीतच मोकळं केलं होतं. निवेस चाळिशीला टेकली, तिने घडवलेले पाइप हॅम्बुर्गपर्यंत जायला लागले, तरी ठोकळा आपला फळीवरच. विचारलं की म्हातारा म्हणायचा, "घाई काय आहे?"

मग ईस्टरच्या जेवणाला हे वकीलसाहेब आले. कोकरू खाल्लं, वाइन रिचवली आणि म्हाताऱ्याला असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढवला, की तो फळीवरच्या ठोकळ्याकडे बोट करून म्हणाला, "याचा पाइप तुमचा. गुळगुळीत, बिनडाग." सकाळी झाडावरून खाली आला तेव्हा तोंड पडलं होतं. पण दिला शब्द परत घ्यायची या घराला सवय नाही. निवेस भांडली, रडली, तिने बोलणं टाकलं. एवढं करून ऑलिव्हच्या लाकडाची पेटी तिलाच करावी लागली, मखमलीत त्या पाइपच्या मापाची खाच कापून. स्वतःच्या ठोकळ्याची पाठवणी, तीही स्वतःच्याच हाताने.

आणि बापाच्या हातून पाइप असा उतरला होता, की तिला बघवत नव्हतं. विंचरलेल्या केसांसारख्या सरळ रेषा, तळापासून काठापर्यंत. एक वेडीवाकडी नाही.

"शेवटचा हात," ओत्तोरिनो म्हणाला आणि पाइप घेऊन खिडकीशी गेला. त्यांच्याकडे पाठ करून पुसत उभा राहिला. बराच वेळ राहिला.

"काय उस्ताद, निरोप घेताय की काय त्याचा?" वकील हसला.

"घेतोय तर."

निवेसने झाडू भिंतीला लावला, परत उचलला. कॉफी गरम करायला ठेवली, ती उतू गेली.

"वकीलसाहेब," ओत्तोरिनो वळून म्हणाला, "भोक निघालं."

वकील उठलाच. "मघाशी मी पाहिला. नव्हतं भोक."

"मघाशी आत होतं. वरचा पापुद्रा घासला की दिसतं. हे ब्रायर आहे, वकीलसाहेब. तुमचा साक्षीदार नाही, की आदल्या दिवशी पढवून ठेवावा."

वकिलाने भिंग लावलं. भोक होतं. मोहरीएवढं, ऐन सरळ रेषांच्या मधोमध.

"डाग असलेला पाइप माझ्या संग्रहात नसतो," तो तुटकपणे म्हणाला.

"आणि बिनडाग म्हटलेला पाइप मी डागी देत नाही. बुजवून तर नाहीच नाही."

वकील धुसफुसत गेला. त्याची गाडी उतारावरून खाली गेली.

निवेसला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला भडभडून आलं. एवढी वर्षं जपलेलं लाकूड शेवटी डागीच निघालं.

"रडतेस काय?" म्हातारा गुरगुरला. "आता गुळगुळीत ठेवून उपयोग नाही, खडबडीत कोरायला हवा. ते काम तुझं. आणि वर शिक्काही तुझाच मार. डागी मालावर मी माझा मारत नाही."

तिने डोळे पुसले, पाइप दिव्याखाली धरला आणि सवयीने भोकात सुई घातली. लहानपणी त्यानेच शिकवलं होतं: मूळ जमिनीत वाढताना खडा गिळतं, म्हणून ब्रायरला भोक पडतं, कोरण्याआधी सुईने आतली माती काढायची. तळहातावर काळा कण पडला की तो म्हणायचा, "बघ, किती जुनी माती."

तिने सुई फिरवली. माती पडली नाही. पडला तो लाकडाचा भुसा, ताजा, फिकट. भोक आतून स्वच्छ होतं, गोल आणि सरळ.

"बाबा," ती म्हणाली, "यात माती नाही."

"नीट बघ, असेल," तो वळूनही न बघता म्हणाला, आणि हातातला टोच्या ॲप्रनला पुसत राहिला.